सव्वापाचची हजेरी

पहाटेच्या वेळी माणूस ईश्वराच्या सर्वांत जवळ असतो, याबद्दल जगातल्या धर्मांमध्ये फारसे मतभेद नाहीत. कुणी त्या वेळेला ब्राह्ममुहूर्त म्हणतं, कुणी फज्र म्हणतं. आमच्या समोरच्या फ्लॅटमधली सतरा वर्षांची मुलगी त्या वेळेला काहीच म्हणायची नाही, कारण तिचे डोळे मिटलेले असायचे. वर्षभर मी या ईश्वरी वेळेचं एका हाताच्या अंतरावरून निरीक्षण केलं. पहाटे माणूस उशीच्या सर्वांत जवळ असतो, एवढंच मला खात्रीनं सांगता येईल.

मी स्वतः कुठल्याच देवाचा नाही. आखाती देशातल्या अल कुसैस भागातल्या या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघं नवरा-बायको वीस वर्षं राहतोय. मी एका मालवाहतूक कंपनीत कागदपत्रं तपासतो. पहाटे साडेचारला उठतो, आलं ठेचून चहा करतो, आणि ऑफिसची गाडी येईपर्यंत जेवणाच्या टेबलाशी वाचत बसतो. टेबलाच्या भिंतीकडची खुर्ची माझी. बायको म्हणते, "एवढ्या नेमानं एखाद्या देवाचं केलं असतंत, तर तो कंटाळून प्रसन्न झाला असता."

समोरच्या फ्लॅटमधला बाप आंध्रच्या किनाऱ्यावरचा, आई फिलिपिन्सची. दोघंही मॉर्मन, आणि दोघांची भेट इथल्याच चर्चमध्ये झालेली. बाप दूर रुवैसला साइटवर असायचा, शनिवार-रविवार घरी यायचा. आई हॉस्पिटलात नर्स, बहुतेक नाइट ड्युटीवर. मुलगी एकच, बारावीत.

मॉर्मन हा ख्रिस्ती धर्मातला, अमेरिकेत निघालेला पंथ. त्यांच्या चर्चचं खरं नाव बरंच लांब आहे आणि मॉर्मन म्हटलेलं त्यांना आताशा आवडत नाही. मुलीनं मला एकदा पूर्ण नाव सांगितलं. ते संपेपर्यंत माझा चहा उतू गेला. चहा, कॉफी, दारू, सिगारेट त्यांना वर्ज्य. रविवारी चर्च, सोमवारी संध्याकाळी घरच्या घरी प्रार्थना आणि केक. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास, तोही पाणीसुद्धा न पिता. आमच्याकडे उपासाला काय काय चालतं याची यादी बायकोनं तिला एकदा वाचून दाखवली. पोरगी म्हणाली, "आंटी, धिस इज अ बुफे."

सोळा वर्षांपर्यंत मुलामुलींनी एकमेकांबरोबर फिरायला जायचं नाही, असाही एक नियम होता. मी तिला विचारलं, आता सोळा उलटल्यावर कसं काय? ती म्हणाली, "अंकल, वर्ष झालं. कुणी विचारलंच नाही. नियमाची गरज नव्हती." ती बोलायची इंग्रजीत, मध्येच हिंदीत, मी इथे मराठी करून लिहितोय.

या सगळ्यांपेक्षा कडक नेम पहाटेच्या वर्गाचा. पंथातल्या नववी ते बारावीच्या मुलांना शाळेच्या आधी रोज धर्मग्रंथाचा वर्ग असतो. सेमिनरी म्हणतात. तो चार वर्षं चालतो. शाळेची बस साडेसहाला, म्हणून वर्ग सव्वापाच ते सहा. मुलं अजमानपासून अबू धाबीपर्यंत विखुरलेली, म्हणून वर्ग व्हिडिओवर. वर्ग सुरू होतो तो भजनानं. आणि वन बेडरूमच्या घरात, आई कधी चारला ड्युटीवरून येऊन नुकती झोपलेली असताना, भजन गाणं म्हणजे भक्ती आणि मातृहत्या यांच्या सीमेवरचं काम. तेव्हा आईनं संकोचून माझ्या बायकोला विचारलं, पोरीनं सकाळी तुमच्याकडे बसलं तर चालेल का?

"चालेल की," बायको म्हणाली. "हे उठलेलेच असतात. यांचा कुणाला काही उपयोग होत नसतो त्या वेळी."

अशा रीतीनं बारावीच्या त्या वर्षी माझ्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक टॅबलेट आला. तो रात्रीही आमच्याकडेच चार्जिंगला असायचा, कारण आईचा दंडक असा, की रात्री दहानंतर पोरीजवळ स्क्रीन नको. फोन बंद करून स्वयंपाकघराच्या खणात, टॅबलेट आमच्याकडे, आणि उठवायला उशाशी सेलवरचं गजराचं घड्याळ.

टॅबलेटवर सव्वापाचला बारा चौकटी उघडायच्या. एका चौकटीत शिकवणारी अमेरिकन बाई, बाकी अकरांत मुलं. बाई त्या वेळेला ज्या मानानं प्रसन्न असायच्या ते मला बेकायदेशीर वाटे. मुलं वर शर्ट, खाली पायजमा अशी अर्धी सभ्य. कॅमेरा चालू ठेवणं सक्तीचं. प्रार्थनेला डोळे मिटायचे असत आणि तिथेच धोका होता. पाच सतराला मिटलेले काही डोळे थेट सहा वाजता उघडत. अजमानचा एक मुलगा झोपेत प्रार्थना सांगायचा, आणि झोपेत त्याला एकच प्रार्थना यायची, जेवणाआधीची. "हे अन्न आमच्या शरीरांना बळ देवो," असं तो आठवड्यातून दोनदा म्हणायचा. समोर अन्न नसायचं. सगळे श्रद्धेनं आमेन म्हणायचे.

पहिल्याच आठवड्यात बाईंना माझी खुर्ची दिसली. त्या जरा गंभीर झाल्या. या देशात दुसऱ्याला आपल्या धर्माकडे ओढायला कायद्यानं बंदी आहे, आणि त्या फार काटेकोर होत्या. "तुझ्या मागे जे गृहस्थ आहेत, ते वर्गात नाहीत ना?"

"नाही सिस्टर," पोरगी म्हणाली. "ते घराबरोबरच येतात."

"म्हणजे फर्निचर," अजमान झोपेतून म्हणाला.

तेव्हापासून रोज हजेरी झाली की बाई म्हणायच्या, "अँड गुड मॉर्निंग, फर्निचर." मी पुस्तकातून मान वर न काढता कप उंच करायचो.

पण फर्निचरला कान असतात. मला शंका यायच्या, आणि त्या मी चिठ्ठ्यांवर लिहून टेबलावरून सरकवायचो. नोहाच्या जहाजावर वाळवी होती का? होती, तर जहाज कसं टिकलं? पोरगी डोळे वटारायची आणि मग हात वर करून विचारायची. बाई म्हणायच्या, "व्हॉट अ ग्रेट क्वेश्चन!" चार महिन्यांत ती वर्गातली सर्वांत चिंतनशील मुलगी ठरली. बायकोनं एकदा चिठ्ठ्यांचा गठ्ठा बघितला. "अहो, तिकडे हात जोडायला लाज वाटते आणि इकडे पहिल्या बाकावर बसता!" मी म्हटलं, माझी खुर्ची तिथे आहे, त्याला मी काय करू?

एक दिवस वर्गात पूर्वजांचा विषय निघाला. या लोकांत मेलेल्या पूर्वजांच्या वतीनं जिवंत माणसं बाप्तिस्मा घेतात. हे काम बरेचदा किशोरवयीन मुलंच करतात. पोरगी आदल्या सुट्टीत आजोळी फिलिपिन्सला गेली होती, तेव्हा तिथल्या मंदिरात पांढरे कपडे घालून पंधरा मृत बायकांसाठी तिनं पंधरा डुबक्या मारल्या होत्या.

"काय वाटलं?" मी वर्ग संपल्यावर विचारलं.

"पवित्र वाटलं. आणि नाकात पाणी गेलं."

"आमच्याकडे पूर्वजांचं काम कावळ्याकडे असतं," मी म्हटलं. "तो भाताच्या पिंडाला शिवला की पूर्वज तृप्त."

"आणि नाही शिवला तर?"

"तर सगळे कावळ्याच्या विनवण्या करतात. त्याला नकार द्यायचा हक्क असतो, तोच त्रास आहे."

"ओह, नाइस," ती म्हणाली. "आमच्याकडेही. त्या पंधराजणींना वाटलं तर त्या नाही म्हणू शकतात." हे बोलणं तेवढ्यावर संपलं असं मला वाटलं होतं.

आता हजेरीचं. चार वर्षं पुरी केली की सर्टिफिकेट मिळतं. पोरीला अमेरिकेत त्यांच्या पंथाच्या कॉलेजात शिकायचं होतं. स्कॉलरशिप मिळाली होती, पण हे सर्टिफिकेट पाठवायच्या अटीवर. दुसरीकडच्या फिया बापानं एकदा इंटरनेटवर बघितल्या होत्या आणि लॅपटॉप मिटला होता. म्हणजे सर्टिफिकेट नाही तर कॉलेज नाही, इतकं ते सरळ होतं. ऑक्टोबरात तिला कांजिण्या झाल्या आणि तीन आठवडे बुडाले. त्यातले काही दिवस जादा लेखी अभ्यास करून भरून निघाले, बाकीच्यांनी सवलतीचे सगळे खाडे खाऊन टाकले. बाईंचा तक्ता कडक होता. निम्म्याआधी आलं तर उशीर, त्यानंतर खाडा, आणि तीन उशिरांचा एक खाडा. वर्ग संपायला पाच दिवस उरले तेव्हा तिच्या नावावर एक उशीर होता आणि सवलतीचे खाडे खलास. ती रोज पाच वाजून दहा मिनिटांनी यायची, तोंडात टूथब्रश असला तरी.

त्या सोमवारी सव्वापाच झाले आणि ती आली नाही.

मी समोर जाऊन बेल दाबली. बेल वाजली नाही, कारण आई दिवसा झोपते म्हणून तिची तार कधीच काढून ठेवलेली. आई ड्युटीवर, बाप रुवैसला, फोन खणात. मी दार ठोठावलं. लिफ्टपाशी खालच्या मशिदीत निघालेले शेजारी उभे होते, रत्नागिरीचे.

"काय झालं हो? गॅस लीक?"

"नाही हो. मुलीला उठवतोय. तिचा प्रार्थनेचा वर्ग आहे."

त्यांनी लिफ्टचं दार हातानं अडवून धरलं. वीस वर्षांच्या ओळखीत माझ्या तोंडून हा शब्द त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता. "माशाल्ला," ते म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले.

मी घरात परतलो. टॅबलेटवर वर्ग उघडायचं बटण लुकलुकत होतं. मला आधी एक कबुली दिली पाहिजे. कॉलेजात असताना मी शेवटच्या बाकावरच्या चौघांची हजेरी चार आवाजांत द्यायचो, आणि सरांनी एकदाही पकडलं नाही. ते कौशल्य चाळीस वर्षं पडून होतं. मी कॅमेरा बंद ठेवून बटण दाबलं आणि तिच्या नावानं टाइप केलं, 'प्रेझेंट. कॅमेरा बिघडलाय.'

"ओके, स्वीटहार्ट," बाई म्हणाल्या. मला आयुष्यात कुणी तसं म्हटलेलं नव्हतं. सगळं सुरळीत झालं होतं. मी चहाचा घोट घेतला. आणि बाई म्हणाल्या, "आजची प्रार्थना तूच सांगतेस का?"

प्रार्थना टाइप करता येत नाही. मी घाईनं लिहिलं, 'सॉरी, घसा बसलाय.'

"अरे बापरे," अशा अर्थाचं काहीतरी बाई म्हणाल्या. "मग आज आपण सगळे तिच्या घशासाठी प्रार्थना करू या."

आणि त्यांनी खरोखर केली. दहा पोरांनी डोळे मिटले, हात बांधले, आणि अजमानच्या त्या मुलानं, या खेपेला पूर्ण जागा राहून, एका नसलेल्या दुखण्यावर इतकी कळकळीची प्रार्थना सांगितली, की माझा हात नकळत गळ्याकडे गेला. तिला लवकर बरं वाटू दे, तिच्या परीक्षा जवळ आल्यात, ती कधी तक्रार करत नाही. शेवटी सवयीनं त्यानं अन्नालाही आशीर्वाद दिला. मी धर्मावरची बरीच पुस्तकं वाचली आहेत. आपण थापा मारत असताना आपल्यासाठी प्रार्थना होऊ लागली तर चेहरा कसा ठेवावा, हे कशातच नव्हतं.

पाच पस्तीसला दार ढकलून ती आत आली. एका पायात चप्पल, केस विस्कटलेले, हातात बंद पडलेलं गजराचं घड्याळ. रडायच्या बेतात होती. मी बोटानं स्क्रीन दाखवली आणि पुटपुटलो, "काळजी नको. हजेरी लागली. यल्ला, चल, बस."

शाबासकीची मला सवय नाही, पण त्या क्षणी ती घ्यायची तयारी मी केली होती. ती स्क्रीनकडे बघत राहिली. 'घसा बसलाय' ही ओळ तिनं वाचली, खालच्या दहा बदामांच्या खुणाही पाहिल्या.

"अंकल, हे काय केलंत?"

"तुझ्या वतीनं हजर राहिलो," मी कुजबुजलो. माझ्याकडे युक्तिवाद तयार होता. "तुमच्यात मेलेल्यांच्या वतीनं चालतं, मग झोपलेल्यांच्या वतीनं का नाही?"

"मेलेल्यांना नाही म्हणता येतं," ती म्हणाली. "तुम्ही मला विचारलंच नाही."

कावळ्याचा मुद्दा माझ्यावर असा उलटेल हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं खुर्ची ओढली, कॅमेरा सुरू केला, माइक सुरू केला. एका शब्दानं सगळं निभलं असतं. नुसतं खोकली असती तरी चाललं असतं.

"सिस्टर, मी आत्ता आले. मी झोपले होते. घसा चांगला आहे. ते अंकल होते."

अकरा चौकटींतले चेहरे स्क्रीनच्या जवळ आले. मग अजमान म्हणाला, "थांबा. म्हणजे आपण फर्निचरच्या घशासाठी प्रार्थना केली?"

एक मुलगी हसली, मग सगळेच हसले, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळ बघितलं, तक्ता बघितला. पोरगी टेबलाखाली स्वतःचीच बोटं मोडत होती. तिचं अख्खं कॉलेज त्या क्षणी एका अमेरिकन बाईच्या पेन्सिलीच्या टोकावर होतं, आणि ते तिथे मी नेऊन ठेवलं होतं.

"पाच पस्तीस," बाई शेवटी म्हणाल्या. "वर्ग निम्मा झालेला नाही. उशीर, खाडा नाही. हा तुझा दुसरा. आणखी एक झाला तर मला काही करता येणार नाही, माहीत आहे ना?" मग म्हणाल्या, "फर्निचरला काही बोलायचं आहे का?"

मी पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर आलो. इतक्या वर्षांत मी साहेबांची, मंत्र्यांची, मंडळाच्या अध्यक्षांची भाषणं ऐकून मनातल्या मनात त्यांची लांबी मोजली आहे. माझं सर्वांत छोटं झालं. मी म्हटलं, "सॉरी. चूक माझी. तिला माहीत नव्हतं." आणि उगाचच पुढे जोडलं, "घसा बरा आहे. थँक्यू."

मागून बायको उठून आली होती. तिनं दारात उभं राहून सगळं ऐकलं होतं. वर्ग संपल्यावर तिनं पोरीपुढे दुधाचा ग्लास ठेवला आणि माझ्याकडे वळली. "या वयात प्रॉक्सी! तीही देवाच्या वर्गात! आता उरलेले चार दिवस तिला उठवायची जबाबदारी तुमची. उशीर झाला तर याद राखा."

मंगळवारी पहाटे पाचला मी स्टीलचं ताट आणि लाटणं घेऊन समोरच्या दारावर उभा राहिलो. पहिल्या पाच ठोक्यांत मजल्यावरची सहा दारं उघडली, सातवं तिचं. रत्नागिरीचे शेजारी बनियनवर बाहेर आले. "हबीबी, आमच्याकडे भोंगा आहे, तो पुरत नाही काय?" बुधवारी मी ताट उचलायच्या आतच दार उघडलं. ती गणवेश घालून, दप्तर अडकवून उभी होती. "अंकल, प्लीज वाजवू नका. मी चारपासून जागी आहे. भीतीनं." गुरुवारीही तेच. शुक्रवारी शेवटच्या वर्गाला ती पाच वाजताच येऊन बसली आणि मला चहा करताना बघत राहिली. मग एक चिठ्ठी टेबलावरून माझ्याकडे सरकली: 'वाळवी जहाजाला बाहेरून चिकटून आली असेल.'

आठ महिने ती त्यावर विचार करत होती, हे मला माहीत नव्हतं.

त्या सकाळी शेवटची प्रार्थना तिनं सांगितली. मी डोळे मिटले नाहीत, पण पानही उलटलं नाही.

पुढच्या महिन्यात रविवारी चर्चमध्ये सर्टिफिकेटं दिली गेली. आम्ही गेलो नाही. संध्याकाळी ती आईबापांसह आमच्याकडे आली, केक घेऊन. बापानं सर्टिफिकेट दोन्ही हातांत धरून दाखवलं. उंची कागद, सोनेरी कडा, खाली तीन सह्या. स्कॉलरशिपची ईमेलही पक्की झाली होती. बायकोनं तिच्या हातावर साखर ठेवली, आईनं डोळे पुसले. बाप चर्चच्या आवाजात बोलू लागला. चार वर्षांची निष्ठा, त्याग, पहाटेचा प्रकाश वगैरे. मी केक खात राहिलो.

"आणि हे तुमच्यासाठी, अंकल," ती म्हणाली. "सिस्टरनं दिलंय."

तो वर्षभराच्या हजेरीचा छापलेला तक्ता होता. अकरा ओळी मुलांच्या. तिच्या ओळीत कांजिण्यांची लांब रिकामी जागा, आणि दोन उशीर. सगळ्यांत खाली बाईंनी पेन्सिलीनं बारावी ओळ आखली होती आणि ओळीच्या सुरुवातीला लिहिलं होतं, 'फर्निचर'. ऑगस्टपासून शेवटपर्यंत सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा होत्या, कांजिण्यांच्या आठवड्यांतसुद्धा, कारण फर्निचर घर सोडून जात नाही. अख्ख्या वर्गात एवढी हजेरी कुणाचीच नव्हती.

फक्त एका सोमवारी मी गैरहजर होतो.